कंपायलर मोठा आकडा गुपचूप गिळतोय? बग असा काढा

परवा सात रस्त्याला चहा पिता पिता मित्राने लॅपटॉप पुढं सरकवला, "काय बे, मी १८४४६७४४०७३७०९५५१६१६ लिहितोय अन् हा शून्य छापतोय." कॉलेजचा मिनी कंपायलर (आपला कोड मशीनला कळेल असा करून देणारा प्रोग्राम), एरर नाही, वॉर्निंग नाही, सगळं शांत.

आधी बग छोटा करा. बाकीचा प्रोग्राम उडवा, एक व्हेरिएबल, एक आकडा, एक प्रिंट, बास. मग शेवटी १६१६ च्या जागी १६१५ टाकून बघा, ती ६४ बिट अनसाइन्डची (उणे नसलेल्या आकड्याची) शेवटची हद्द, ती नीट आली आणि पुढचा आकडा शून्य झाला तर पहिला संशय लेक्सरवर घ्या, म्हणजे कोडची अक्षरं वाचून आकडे, शब्द असे तुकडे (टोकन) पाडणाऱ्या भागावर.

तिथं लूप असतो: जुनी किंमत गुणिले १०, अधिक नवा अंक. बिट भरले की वरचं सांडतं आणि गाडीच्या किलोमीटरसारखं परत शून्यापासून सुरू. यावर पोरं काय करतात, नवी किंमत जुनीपेक्षा लहान झाली तर ओव्हरफ्लो धरतात. हे फसवं आहे हो! ८ बिटवर करून बघा, ३०० लिहायचंय, ३० पर्यंत आलात, गुणिले १० झाले ३००, त्यातले २५६ गेले, उरले ४४, आणि ४४ तर ३० पेक्षा मोठेच की. चेक खुशाल पास.

म्हणून गुणायच्या आधी तपासा. कमाल किमतीतून नवा अंक वजा करा, १० ने भागा, बाकी सोडा, आणि जुनी किंमत त्याहून मोठी निघाली तर लाइन नंबरसकट एरर द्या. उरलेले अंक मात्र वाचून संपवा, नाहीतर तेच पुढचं टोकन समजून अजून चार फालतू एरर येतात. स्ट्रटोयूएलएल (strtoull, अक्षरांचा आकडा करणारं सी भाषेतलं तयार फंक्शन) वापरत असाल तर एर्नो (errno, एररचा नंबर ठेवणारं व्हेरिएबल) आधी स्वतः शून्य करा, ते फंक्शन करत नाही.

उण्याची गंमत वेगळीच. सीमध्ये उणे हा वेगळा ऑपरेटर, त्यामुळे -९२२३३७२०३६८५४७७५८०८ लिहिलं तरी लेक्सरला नुसता आकडाच दिसतो, आणि तो साइन्ड (उणे-अधिक दोन्ही चालणाऱ्या) ६४ बिटमध्ये एकाने बसत नाही. म्हणून लेक्सरमध्ये अनसाइन्ड ठेवा, टाइप नंतर ठरवा.

टेस्टला ०, अनसाइन्ड आणि साइन्ड हे दोन्ही काठ, त्यांच्या अलीकडचा-पलीकडचा आकडा, आणि ३ वर १९ शून्यं, ती त्या फसव्या चेकमधून सटकतात. हेच सगळं हेक्समध्येही (१६ च्या पायावर लिहिलेले आकडे), तिथं १० च्या जागी १६ घ्यायचे. मित्राचा हेक्सचा लूप तसाच राहिला होता, दुसरा चहा त्याच्याकडून घेतला.