स्तन लघुकरण शस्त्रक्रियेचा विमा दावा: माझा अनुभव

मान व खांद्यांचे दुखणे आणि नागपूरच्या उन्हाळ्यात स्तनांखाली वारंवार चिघळणारे पुरळ यांमुळे मी शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला. परंतु विमा कंपनीने ती 'सौंदर्यवर्धक' ठरवून पूर्वमंजुरी नाकारली. पॉलिसीतील अपवाद क्रमांक ८ (सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेचा खर्च न देण्याची अट) मी मुळातून वाचला (हे आधीच करायला हवे होते). आरोग्याला असलेला थेट व तत्काळ धोका दूर करण्यासाठी उपचार आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केल्यास हा अपवाद लागू होत नाही. म्हणून धंतोलीतील अस्थिरोगतज्ज्ञ व त्वचारोगतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या, फिजिओथेरपीच्या पावत्या आणि शल्यचिकित्सकांचे सविस्तर प्रमाणपत्र जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज केला. विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी) जाण्यापूर्वीच मंजुरी आली.