परभणीहून मेळघाट-सातपुडा गाडीनं करायचंय? मग हे बघा

आधी तारखा बगा, सातपुड्याचा, म्हंजे मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पाचा, कोअर (आतला मुख्य जंगलभाग) १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद राहतो अन् बुधवारी दुपारची सफारी नसते, लई जण नेमकं बुधवारीच जायलेत. सफारी ऑनलाईन बुक करा, ज्याच्या नावावर बुकिंग त्याचं ओरिजिनल आयडी सोबत पाहिजेच.

रूट सोपाय, हिंगोली, वाशिम, अकोला, परतवाडा, मग चिखलदरा. परतवाड्यातच टाकी फुल करा, हवा चेक करा अन् मॅप ऑफलाईन घ्या, कारण सेमाडोहकडं घाटात रेंज जाते. उतारावर न्यूट्रल नको, सेकंड गिअरमधी सावकाश, अन् अंधार पडायच्या आत मुक्कामी.

पुढं बैतूलवरून पचमढी, तिथलं धूपगड शिखर १३५० मीटर. मढईला, म्हंजे सातपुड्याच्या सफारी गेटला, गाडी नदीच्या अलीकडंच लावायची अन् देनवा नदी बोटीनं पार करायची. डब्यात धपाटे घ्याच, हॉटेलच्या भरवशावर कामून राहायचं?