एलएलबीचा फॉर्म भरण्याआधी: सनदेनंतरच्या तीन वर्षांचा हिशेब

पदवीनंतरचा एलएलबी तीन वर्षांचा, बारावीनंतरचा पाच वर्षांचा. बहुतेक घरांत मोजणी इथेच थांबते. त्यात सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यानंतरची निदान तीन वर्षं मिळवा. म्हणजे सहा किंवा आठ झाली. ती तीन वर्षं सीनियरच्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून काढायची असतात, आणि जिल्हा न्यायालयात ज्युनिअरच्या हाती पडतं ते बऱ्याचदा पेट्रोल-चहापुरतं. वकिलांचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरला शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, बंधनकारक केलं नाही. त्या आकड्यावर घर चालेल असं धरू नका.

म्हणून आजच कागद घ्या. भाडं, जेवण, पेट्रोल, शैक्षणिक कर्जाचा हप्ता, घरी द्यायचे पैसे, सगळ्याची महिन्याची बेरीज करा आणि तिला 36 ने गुणा. समोर लिहा, हे पैसे कुठून येणार. वडिलांच्या भरवशावर लिहीत असाल तर आधी वडिलांना विचारा.

‘नोकरी सांभाळून वकिली करू’ हे उत्तर बाद आहे. बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरीत असलेल्याला वकिली करता येत नाही. नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. धंद्याचंही तेच. घरचा पॉवरलूम किंवा चादरीचं दुकान स्वतः चालवायचं आणि वकिलीही करायची, याला नियम 47 आड येतो. धंद्यात प्रत्यक्ष काम न करता केवळ भागीदार राहायचं, तर वाट निघू शकते. कायदा शिकवायला दिवसाला तीन तासांपर्यंत मुभा आहे. ‘वकिली नको, थेट न्यायाधीश होईन’ म्हणणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा 20 मे 2025 चा निकाल वाचावा: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली. पुन्हा तीच तीन वर्षं. चुकवता येत नाहीत, तर त्यांचे पैसे आधी उभे करा.

दुसरं काम, कोर्टात जाऊन बसा. एक दिवस नको, सोमवार ते शुक्रवार. बंद दाराआड चालणारी प्रकरणं सोडली तर न्यायदालन सगळ्यांना खुलं असतं. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात एक दिवस सत्र खटला (गंभीर गुन्ह्याचा) ऐका, एक दिवस दिवाणीत जमिनीच्या वाटपाची आणि मनाई हुकमाची कामं बघा, एक दिवस चेक बाउन्सच्या तारखा. मग बार्शी किंवा पंढरपूरला जा, तालुक्याची वकिली वेगळी असते. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, किती प्रकरणं होती आणि त्यातल्या कितींना नुसती पुढची तारीख मिळाली, हे लिहून घ्या. उलटतपास घेणाऱ्या सीनियरकडे बघत बसू नका, त्याच्यामागे फाईल धरून उभ्या असलेल्या ज्युनिअरकडे बघा. नकलेचा अर्ज, तारीख घेणं, अशिलाला फोन, सुरुवातीची वर्षं हेच काम आहे. दोन वर्षं झालेल्या एखाद्या ज्युनिअरला चहा पाजा आणि महिन्याला हातात काय येतं ते विचारा. संकोच करू नका. तो आकडा तुमच्या कागदावर हवा.

भाषेचा विचारही आत्ताच करा. खालच्या कोर्टात मराठी चालते, पण तीही दाव्या-कैफियतीची, बोलण्यातली नव्हे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या अशिलाशी तेलुगू आणि अक्कलकोटकडच्याशी कन्नड बोलता आली तर तुम्ही इतरांच्या पुढे आहात. उच्च न्यायालयात मात्र इंग्रजी. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आहे, त्यामुळे अपिलांचं काम आता मुंबईपेक्षा जवळ आलंय. ते करायचं तर इंग्रजी मसुदा लिहिता आलाच पाहिजे.

कॉलेज निवडताना बार कौन्सिलची चालू वर्षाची मान्यता तपासा. प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लागते, आणि तासिका सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर घेता येत नाहीत. ‘नुसतं परीक्षेला या’ म्हणणाऱ्याकडे प्रवेश घेऊ नका. पत्राद्वारे (दूरशिक्षणाने) घेतलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही.

सीईटीला, म्हणजे राज्याच्या विधी प्रवेश परीक्षेला, उणे गुण नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका. राष्ट्रीय विधी विद्यापीठ हवं असेल तर क्लॅट ही प्रवेश परीक्षा वेगळी. पात्रतेसाठी खुल्या वर्गाला बारावीत किंवा पदवीला 45 टक्के.

कागदपत्रं: जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागू शकतात, आधीच अर्ज करा. नॉन क्रीमी लेयरची मुदत 31 मार्चला संपते. बाकीचं नेहमीचं.

पुस्तकं: भारतीय न्याय संहिता घ्याच, पण 1 जुलै 2024 आधीच्या गुन्ह्यांना जुना दंडविधान (आयपीसी) लागतो, तोही ठेवा.

सनदेची फी सर्वसाधारण 750, अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये, स्टॅम्प ड्युटी असल्यास वेगळी. कुणी जास्त मागितली तर 30 जुलै 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. पुढे दोन वर्षांत एआयबीई ही वकिलीची अखिल भारतीय परीक्षा, 100 प्रश्न, मराठीतही देता येते. टिपणं नसलेली बेअर अ‍ॅक्ट (नुसत्या कायद्याची पुस्तकं) सोबत न्या.