भुवनेश्वरला सहा तासांचा लेओव्हर? मग या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून पूर्वेकडचं स्वस्त तिकीट शोधताना कधीकधी मधेच भुवनेश्वर येतं, पाच-सहा तासांच्या लेओव्हरसकट. मग लोक दोन टोकं गाठतात. एक तर एअरपोर्टवर महागडी कॉफी पीत मोबाईलची बॅटरी संपवतात, नाहीतर सरळ पुरी गाठायला निघतात. दोन्ही चूकच, पण दुसरी जास्त महागात पडते.

पुरीचा मोह

"एवढं लांब आलोय तर जगन्नाथाचं दर्शन घेऊनच जाऊ" हे कोणीतरी म्हणणारच, आणि आई-बाबा सोबत असले तर विषयच संपला. पण जरा हिशोब करा. 10 ला उतरलात आणि पुढची फ्लाइट 4 ची आहे, तर बाहेर पडेपर्यंत साडेदहा, आणि अडीचपर्यंत परत एअरपोर्टवर यायलाच हवं, म्हणजे हातात राहिले चार तास. पुरी 60 किलोमीटर, जाऊन-येऊन तीन तास गाडीतच, उरलेल्या तासाभरात रांग, चपला, पंडे आणि दर्शन, त्यात रांग किती असेल ते जगन्नाथालाच माहीत. कोणार्कचंही तसंच, ते 65 किलोमीटर. सहा तासांत या दोन्हींचं नाव काढू नका, त्यासाठी वेगळी ट्रिप करा.

शहर तीन दिशांना आहे, तुम्ही एकच धरा

इथला एअरपोर्ट गावाला चिकटूनच आहे, ही खरी चैन. जुनं भुवनेश्वर चार-पाच किलोमीटरवर. पण मग लोक हावरटपणा करतात, जुन्या शहरातलं लिंगराजाचं देऊळ पण, खंडगिरी-उदयगिरीच्या टेकड्यांवरची लेणी पण, अशोकाच्या शिलालेखाची धौली पण. खंडगिरी-उदयगिरी पश्चिमेला, धौली पुरी रोडवर दक्षिणेला. तिन्ही केलंत तर सगळं गाडीच्या काचेतूनच बघाल.

माझं मत विचाराल तर जुनं शहर. मुक्तेश्वराचं देऊळ दहाव्या शतकातलं, उंचीला छोटंसंच, पण त्याच्या पुढचं दगडी तोरण बघताना मान अवघडते इतकं त्यावर कोरलंय. तिथून पायी दोन-चार मिनिटांवर परशुरामेश्वर, ते सातव्या शतकातलं, आणि जरा पुढे राजाराणी, ज्याच्या गाभाऱ्यात मूर्तीच नाही. मग बिंदुसागर तलाव आणि लिंगराज. सगळं तीनेक किलोमीटरच्या आत.

जेवण हॉटेलात घेऊ नका. बिंदुसागराच्या काठावर अनंत वासुदेवाचं मंदिर आहे, तेराव्या शतकातलं, तिथे दुपारी देवाच्या नैवेद्याचं जेवण विकत मिळतं. मातीच्या मडक्यातला भात आणि डालमा, म्हणजे कच्ची पपई, भोपळा, कच्ची केळी असं काय काय घालून शिजवलेली डाळ, कांदा-लसूण नाही, वरून भाजलेल्या जिऱ्या-मिरचीची पूड. बसायला टेबल-खुर्ची मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. सकाळी नऊला जाऊन "काहीच नाही मिळालं" असं म्हणू नका, ते दुपारचंच काम आहे.

इतिहासाची आवड असेल तर मात्र उदयगिरी घ्या आणि बाकी सगळं सोडा. तिथल्या हाथीगुंफा लेण्यावर कलिंगच्या खारवेल राजाचा 17 ओळींचा ब्राह्मी लेख आहे, त्यात सातकर्णी या सातवाहन राजाची पर्वा न करता पश्चिमेकडे सैन्य पाठवल्याचं लिहिलंय. नाणेघाटाचा ट्रेक केलेल्या आणि तिथला सातवाहनांचा लेख बघितलेल्या माणसाला हे वाचून मजा येते, समोरची पार्टी काय म्हणत होती ते कळतं. माकडं भरपूर आहेत, हातात खाऊची पिशवी नको.

लिंगराजला मोबाईल आत नेता येत नाही

इथे बरेच जण फसतात. मोबाईल, कॅमेरा, चामड्याच्या वस्तू आत चालत नाहीत, सगळं बाहेर ठेवावं लागतं. आणि बोर्डिंग पास मोबाईलमध्ये, ड्रायव्हरचा नंबर मोबाईलमध्ये, घड्याळसुद्धा मोबाईलच! हातात साधं घड्याळ घाला, ड्रायव्हरचा नंबर आणि गाडीचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, बोर्डिंग पासची प्रिंट आणि ओरिजिनल आयडी जवळ बाळगा, कारण परत टर्मिनलमध्ये शिरताना गेटवर हेच दाखवावं लागतं. दुपारी भोगाच्या वेळी दर्शन थांबतं, त्याप्रमाणे बेत आखा. हिंदू नसलेल्यांना आत प्रवेश नाही, भिंतीबाहेर एक चौथरा आहे तिथून बघता येतं, ग्रुपमध्ये कोणी तसं असेल तर आधीच सांगून ठेवा, दारात जाऊन विरस नको.

बॅगांचं काय?

रेल्वे स्टेशनच्या क्लोक रूमवर भरवसा ठेवून निघू नका, तिथे रेल्वेचं तिकीट मागतात आणि बॅगेला कुलूपही लागतं. दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, असतील तर मोठी बॅग थेट पुढे टॅग झालीय का ते पहिल्याच एअरपोर्टवर विचारा. वेगवेगळी तिकिटं असतील तर बॅग बेल्टवरून उचलून पुन्हा चेक-इन करावी लागते, आणि तो काउंटर साधारण फ्लाइटच्या तासभर आधी बंद होतो, त्यात पहिली फ्लाइट लेट झाली तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. अशा तिकिटावर चार तासांपेक्षा कमी वेळ असेल तर बाहेर पडूच नका. बॅगा सोबत असतील तर सुट्या रिक्षा करत बसण्यापेक्षा तासांवर ठरवलेली एकच गाडी बरी.

अंधार लवकर पडतो

हे आपल्याकडच्या लोकांच्या लक्षातच येत नाही. घड्याळ तेच, पण सूर्य मुंबईपेक्षा पाऊणएक तास आधी मावळतो. डिसेंबरात सव्वापाचच्या सुमारास सूर्यास्त. साडेतीनला उतरून "सहापर्यंत उजेड आहे की" म्हणत उदयगिरीला गेलात तर लेख दिसणारच नाही. उलट सकाळी लवकर उजाडतं, सहाला उतरणाऱ्यांची चंगळ. आणि सोमवारी स्टेट म्युझियम बंद असतं.

घरच्यांसाठी काय न्यायचं

पहालचे रसगुल्ले फेमस, पण ते कटकच्या रस्त्यावर, म्हणजे उलट्या दिशेला, आणि पाकाचा डबा केबिन बॅगेत सांडला की कपडे चिकट. त्यापेक्षा छेना पोडा घ्या, खरपूस, कोरडा, जुन्या शहरातल्या मिठाईच्या दुकानातही मिळतो.

फ्लाइट डिले झाल्याचा मेसेज आला तर

लगेच खुश होऊन अजून एक देऊळ वाढवू नका. डिलेची वेळ पुन्हा अलीकडे येऊ शकते. मूळ वेळेप्रमाणेच परत या, आत शिरा, मग काय तो डिले होऊ दे. आणि उशीर झालाय, ट्रॅफिकमध्ये अडकलाय असं वाटलं की आधी गाडीतूनच वेब चेक-इन उरकून घ्या आणि एअरलाइनला फोन लावा, कारण एकाच पीएनआरवर परतीचं तिकीटही असेल तर नो-शो (न कळवता फ्लाइट चुकवल्याची नोंद) लागल्यावर तेही रद्द होण्याची शक्यता असते.