सोलापुरात चित्रपट किंवा वेबसीरिज करताय? कागदपत्रांतल्या या चुका टाळा

चित्रपट पूर्ण होतो, पोस्टर लागतं, ओटीटीवाल्यांशी किंवा एखाद्या वाहिनीशी बोलणी सुरू होतात आणि पहिल्याच ईमेलमध्ये ते कागद मागतात: कथेचे हक्क, संगीताचे हक्क, कलाकारांचे करार, लोकेशनची संमती. यातला एक जरी कागद नसला तरी सौदा अडकतो. तो कागद तेव्हा मिळवायला गेलं, की समोरचा माणूस हवी ती किंमत सांगतो, कारण अडलेले तुम्ही आहात हे त्याला कळलेलं असतं. म्हणून खाली लिहिलेली बहुतेक कामं पहिल्या क्लॅपच्या आधीची आहेत.

एकांकिका आवडली, लेखक ओळखीचा, म्हणून कागदच केला नाही

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सोलापुरात एकांकिका आणि हौशी नाटकाची मोठी परंपरा आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात गाजलेल्या एकांकिकेवर चित्रपट करावा असं वाटणं साहजिक आहे. पण लेखकाने प्रयोगाची परवानगी दिली म्हणजे चित्रीकरणाचे हक्क दिले असं होत नाही. दोन्ही हक्क वेगळे आहेत आणि चित्रपटाच्या हक्कांसाठी वेगळा कागद लागतो.

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी हवं आणि त्यावर हक्क देणाऱ्याची सही हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'करा की, आपलंच आहे' यावर कुठलाही वितरक पैसे लावत नाही. करार झाला तरी त्यात चार गोष्टी राहून जातात आणि कायदा त्या आपल्या पद्धतीने भरून काढतो:

मुदत लिहिली नसेल तर हक्क फक्त पाच वर्षांसाठी दिले असं धरलं जातं. मार्च २०२६ मध्ये सही झाली, तर मार्च २०३१ नंतर तुमचाच चित्रपट दाखवण्यावर प्रश्न उभा राहतो.

प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते. दुबईतल्या किंवा अमेरिकेतल्या मराठी प्रेक्षकाला तो चित्रपट ओटीटीवर दाखवता येत नाही.

हक्क मिळाल्यापासून एक वर्षात वापरले नाहीत तर ते संपतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. कमी बजेटच्या निर्मात्यांना हे कलम सगळ्यात जास्त नडतं. पैसे जमवण्यातच दीड-दोन वर्षं जातात आणि शूटिंग सुरू होतं तेव्हा हातातले हक्क मुळात उरलेलेच नसतात. 'कलम १९(४) मधील एक वर्षाची अट या करारास लागू राहणार नाही' हे एक वाक्य करारात घालायला काहीच खर्च येत नाही.

चौथी गोष्ट माध्यमाची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असेल तरच मिळतात. चित्रपटगृह, उपग्रह वाहिनी, ओटीटी, यूट्यूब, विमानातलं प्रदर्शन अशी नावं घेऊन लिहा.

सोलापूरच्या निर्मात्यांनी डबिंग आणि रिमेकचे हक्क वेगळे लिहून घ्यावेत. शहराच्या पूर्व भागातला तेलुगू प्रेक्षक आणि अक्कलकोटच्या पलीकडचा कन्नड प्रेक्षक हे इथल्या चित्रपटाचं नैसर्गिक मार्केट आहे. 'सर्व भाषांमधील डबिंग, सबटायटल आणि पुनर्निर्मिती' हे शब्द करारात नसतील तर तेलुगू आवृत्तीच्या वेळी लेखकाकडे पुन्हा जावं लागतं.

ऐतिहासिक विषय असेल तर प्रश्न थोडा बदलतो. १९३० च्या मार्शल लॉवर किंवा १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांवर कोणीही चित्रपट करू शकतो. घडलेल्या घटनेवर कोणाचा कॉपीराइट नसतो. मात्र एखाद्या पुस्तकातली मांडणी, त्यात लेखकाने रचलेले संवाद, प्रसंगांची गुंफण जशीच्या तशी उचलली, तर त्या लेखकाचे किंवा वारसांचे हक्क घ्यावे लागतात. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हे हक्क टिकतात. म्हणून पटकथालेखकाकडून संदर्भांची यादी मागून घ्या: कोणतं दृश्य वृत्तपत्रातून, कोणतं कोर्टाच्या नोंदीतून, कोणतं पूर्ण काल्पनिक. वाद झाला तर ही यादीच तुम्हाला वाचवते.

शीर्षकाबद्दलही गैरसमज आहे. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तरी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे किंवा निर्मात्यांच्या दुसऱ्या संघटनेकडे शीर्षक नोंदवा, कारण प्रदर्शनाच्या वेळी हा व्यवसाय त्याच नोंदीकडे बघतो.

निर्माता नक्की कोण, हे ठरलेलंच नसतं

चौघांनी मिळून पैसे घातले, पोस्टरवर चौघांची नावं, बँक खातं एकाचं. कायद्याच्या दृष्टीने निर्माता म्हणजे ज्याने निर्मितीचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो, आणि चित्रपटाच्या कॉपीराइटचा पहिला मालकही सहसा तोच. दिग्दर्शक मालक नसतो. आता चौघांपैकी एकाने सेन्सॉरचा अर्ज स्वतःच्या नावे भरला की बाकी तिघांची भांडणं सुरू. भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आधी करा. पैसे कर्ज म्हणून दिले की हिस्सा म्हणून, नफा कोणत्या क्रमाने वाटायचा, ओटीटीच्या करारावर सही कोणी करायची, हे त्यात लिहा. क्रेडिटची नावं आणि क्रमसुद्धा.

'सात सेकंद चालतात' आणि संगीताच्या बाकीच्या चुका

सात सेकंद, दहा सेकंद, तीस सेकंद अशी कोणतीही सूट कायद्यात नाही. वरातीच्या दृश्यात मागे बेंजोवर वाजणारी गाजलेली चाल असेल, तरी तिची परवानगी लागते.

एका गाण्यात किमान दोन हक्क असतात: शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पारंपरिक ओवी किंवा संतांचा अभंग यांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत, पण कॅसेट कंपनीने काढलेलं त्याचं रेकॉर्डिंग मालकीचं आहे आणि प्रसिद्धीपासून ६० वर्षं राहतं. तोच अभंग तुम्ही स्थानिक भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत नव्याने गाऊन घेतला तर रेकॉर्डिंग तुमचं. मात्र गायक आणि पखवाजवादक यांची लेखी संमती घ्या. कलाकाराचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षांचा असतो आणि चित्रपटात वापराला त्याने लेखी संमती दिली असेल तरच निर्मात्याला तो वापर बिनधास्त करता येतो.

गीतकार-संगीतकाराच्या करारात 'सर्व रॉयल्टी सोडून दिली' असं वाक्य अजूनही सर्रास छापलं जातं. चित्रपटगृहात चित्रपटासोबत होणारं प्रदर्शन सोडलं, तर बाकीच्या वापराच्या रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा २०१२ पासून सोडताच येत नाही. असं वाक्य लिहून काही मिळत नाही, उलट करार घाईत झाला हे दिसतं.

'नो कॉपीराइट' म्हणून यूट्यूबवरून उतरवलेलं पार्श्वसंगीत हे पुढचं दुखणं. डाउनलोड केल्याच्या दिवशी परवान्याच्या पानाची पीडीएफ करून ठेवा. पुढे ते पान बदलतं. परवाना 'वैयक्तिक वापरासाठी' आहे की व्यापारी, हेही बघा. टायटलसाठी वापरलेल्या देवनागरी फॉन्टलाही हाच नियम.

लोकेशन: चावी ज्याच्याकडे, त्याचीच सही

भाडेकरू, वॉचमन, गावातला कार्यकर्ता यांची सही चालत नाही. वाडा असेल तर मिळकत पत्रिका, शेत असेल तर सातबारा बघा. चार वारसांची नावं असतील तर चौघांची संमती किंवा कुलमुखत्यारपत्र घ्या. बंद गिरण्यांच्या जागा बघताना जागा कोणाच्या ताब्यात आहे आणि कोर्टात काही चालू आहे का, हे आधी विचारा. करारात तारखा, वेळ, मोडतोडीची भरपाई, पॅचवर्कसाठी (राहिलेली दृश्यं घ्यायला) पुन्हा येण्याचा हक्क आणि 'चित्रित भाग कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत वापरण्याची संमती' हे हवंच.

भुईकोट किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. महापालिकेची परवानगी तिथे पुरत नाही. नळदुर्ग राज्य पुरातत्त्वच्या अखत्यारीत आहे आणि जिल्हाही बदलतो, धाराशिव. सिद्धेश्वर मंदिरासाठी देवस्थानाची, पंढरपूरला मंदिर समितीची लेखी परवानगी. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात वन्यजीव विभागाच्या परवान्याशिवाय ट्रायपॉडही लावू नका. रस्त्यावरच्या शूटिंगसाठी शहरात पोलीस आयुक्तालय, शहराबाहेर ग्रामीण पोलीस अधीक्षक. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज परत येईपर्यंत शेड्यूल निघून गेलेलं असतं.

ड्रोनबद्दल सोलापुरात विशेष जपायला हवं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत जमिनीपासूनच सरकारी परवानगी लागते. होटगी रोडचा विमानतळ शहराला लागून आहे, त्यामुळे किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव दोन्ही या पट्ट्यात येतात. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत, त्यापुढच्या ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. लग्नाचं ड्रोन शूटिंग करणाऱ्याला बोलावताना ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि त्याचं रिमोट पायलट प्रमाणपत्र मागा आणि झोन त्या दिवशीच्या सरकारी नकाशावर तपासा.

मुलं आणि जनावरं

चौदा वर्षांखालचं मूल कॅमेऱ्यासमोर येणार असेल तर शूटिंग ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती सहा महिने चालते. सोलापूर आणि नळदुर्ग दोन्हीकडे शूटिंग असेल तर दोन अर्ज. आईवडिलांची संमती सोबत जोडावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती हवी. मानधनातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे. 'शाळा बुडत नाही ना' हे फक्त विचारण्यापुरतं नाही, तशी व्यवस्था करणं ही निर्मात्याची कायदेशीर जबाबदारी आहे. नात्यातलं मूल आहे म्हणून यातली एकही अट टाळू नये. रात्री दोनपर्यंत सेटवर पेंगणारं मूल कुठल्याही दृश्याच्या मोलाचं नाही.

जनावरांसाठी हरियाणातल्या बल्लभगडच्या भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगआधी घ्यायची आणि शूटिंगनंतर ना-हरकत प्रमाणपत्र. ग्रामीण कथेत कोंबडी, शेळी, म्हैस सहज येते आणि सेन्सॉरच्या टेबलावर तेच दृश्य अडतं. बैलाच्या दृश्याचं वर्णन तपशिलाने कळवा: २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने ज्या प्राण्यांचे खेळ करायला बंदी घातली, त्या वाघ-सिंह-अस्वलांच्या यादीत बैलही आहे.

विडीचं दृश्य

विडी कामगार बायकांवर कथा लिहायची तर विडी दाखवावीच लागणार. तंबाखूचे नियम फक्त ओढण्याच्या दृश्याला लागतात असं समजू नका, तंबाखूचं उत्पादन पडद्यावर दिसलं तरी ते लागू होतात. सुपात रचलेल्या विड्या आणि विडीच्या कट्ट्यावरचं (पुडक्यावरचं) लेबल यात मोठा फरक आहे: ब्रँडचं नाव दिसता कामा नये. कलादिग्दर्शकाने कोरी लेबलं छापून घ्यावीत, म्हणजे नंतर ब्लर करावं लागत नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांची आरोग्यविषयक जाहिरात, २० सेकंदांचा दृकश्राव्य इशारा आणि दृश्याच्या वेळी खाली स्थिर पट्टी लागते. सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही असेच नियम आहेत.

'यूट्यूबवर टाकणार, सेन्सॉर कशाला?'

फक्त ऑनलाइन असेल तर सेन्सॉर लागत नाही. तिथे २०२१ च्या आयटी नियमांचं वयोगटाचं वर्गीकरण आहे. पण तोच लघुपट सभागृहात लोकांना बोलावून दाखवला की प्रमाणपत्र लागतं. विनाप्रमाणपत्र प्रदर्शनाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२३ च्या दुरुस्तीने यूए श्रेणीचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. टीव्हीसाठी यू किंवा यूए हवं, त्यामुळे ए घेण्याआधी वाहिनीच्या पैशांचा विचार करा. प्रमाणपत्रानंतर कट किंवा जोड केली तर सेन्सॉर मंडळाला कळवून नोंद करून घ्यावी लागते.

चूक होऊन गेली असेल तर

करार राहिला असेल तर आजच्या तारखेचा पुष्टीकरण करार करा आणि त्यात 'अमुक तारखेपासून दिलेली संमती याद्वारे कायम करत आहे' असं लिहा. मागची तारीख टाकू नका. मुद्रांक कधी घेतला ते कागदावरच असतं आणि पकडलं गेलं की अख्खा करार संशयात येतो. चित्रपट प्रदर्शनाच्या अनन्य हक्कांच्या करारावर रकमेच्या प्रमाणात मुद्रांक शुल्क असतं, पाचशेच्या कागदावर भागवू नका. कमी मुद्रांकाचा कागद दंड भरल्याशिवाय कोर्ट पुराव्यात घेत नाही.

यूट्यूबवर कंटेंट आयडीचा (मालकीचं संगीत किंवा दृश्य आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा) दावा आला तर लगेच चिडून डिस्प्यूट करू नका. आधी परवान्याचा कागद हातात घ्या, कोणत्या सेकंदांवर दावा आहे ते बघा. डिस्प्यूट केल्यावर दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. कागद नसेल तर तेवढा तुकडा बदला किंवा म्यूट करा.

एडिटरने हार्ड डिस्क अडवली असेल तर पहिल्यांदा त्याचं थकलेलं मानधन किती, हे लेखी मान्य करा. वादातली रक्कम वेगळी काढा, बिनवादी रक्कम खात्यावर भरा आणि मग वकिलाची नोटीस पाठवा. पैसे थकवून पाठवलेल्या नोटिशीला वजन नसतं. कोर्टात जायची वेळ आली तर कॉपीराइटचा दावा निर्माता जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे दाखल करता येतो, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात. मुंबईला जावंच लागतं असं नाही. रक्कम तीन लाखांच्या वर असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थीची पायरी चढावी लागते. पुढच्या वेळी रॉ फुटेजच्या तीन प्रती ठेवा, आणि त्यातली एक रोजच्या पॅक-अपनंतर निर्मात्याच्या घरी गेली पाहिजे.