कथेतल्या माणसाला आधी काम द्या

गावाकडची कथा लिहायला बसलं की पहिल्या पानावर कोंबडा आरवतो, कृष्णामाई संथ वाहते, देवळातली घंटा वाजते. माणूस मात्र तिसऱ्या पानावरही कळत नाही. तो पोट कशावर भरतो, त्याला कुणाचं किती देणं आहे आणि आज संध्याकाळच्या आत त्याला काय ठरवायचं आहे, ही तीन उत्तरं लिहायला बसण्याआधी एकेका ओळीत कागदावर मांडा. एक जरी ओळ सुचली नाही, तरी कथा अजून तयार नाही असं समजा.

समजा, तासगाव भागातला बेदाणा करणारा बागायतदार घेतला. साधारण 4 किलो द्राक्षांचा 1 किलो बेदाणा होतो. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणातून काढून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात, आणि वाळायला हवेप्रमाणे दोनेक आठवडे लागतात. मधेच अवकाळी पाऊस आला, ओल धरली, की माल काळपट पडतो. रंग गेला की सौद्यात दर कोसळतो. आता माल जाळीवर आहे, आभाळ भरून आलंय आणि पुण्यातल्या धाकट्या भावाला त्याचा वाटा रोख हवाय. मिळेल त्या दरात विकून भावाचं तोंड बंद करायचं, की माल शीतगृहात ठेवून त्यावर तारण कर्ज काढायचं आणि वाईटपणा घ्यायचा? हा पेच चालतो, कारण दोन्हीकडं काहीतरी जातं. एक बाजू उघडच बरोबर असेल, तर त्या माणसाला सल्ला पुरे. कथेची गरज नाही.

ही माहिती गोळा करायला हंगामात, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल, शेडवर जाऊन बसा. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं की लोक भाषण देतात. त्याऐवजी ‘सकाळी आल्यावर पहिलं काय करता?’ आणि ‘यात माल नासतो कुठं?’ असं विचारा. समोर वही उघडू नका, माणसं लगेच सावध होतात. परतल्यावर तासाभरात लिहून काढा आणि त्यात क्रियापदं जास्त असू द्या. जमवलेल्यातला दहावा हिस्सा कथेत आला तरी पुष्कळ. सगळं ओतलं तर कृषी खात्याचं पत्रक होतं.

भावना कामातून दाखवायची, हे ऐकायला सोपं आणि करायला अवघड आहे. सांगलीत पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाण्याची पातळी फुटांत सांगतात. 40 फूट ही इशारा पातळी, 45 ही धोक्याची. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पुराच्या कथेत ‘ती भयभीत झाली’ असं लिहायची गरजच नाही. नवरा दारातून आत येत ‘त्रेचाळीस’ म्हणतो. ती काही न बोलता तांदळाचा डबा माळ्यावर चढवते आणि मग शिलाई मशीनकडं बघत राहते, कारण ते एकटीला उचलत नाही. एवढ्यात भीती आली, संसार आला, आणि नवरा मशीनला हात लावतो की नाही यावर त्या दोघांचं नातंही आलं. साताऱ्यापलीकडच्या वाचकाला 45चा अर्थ कळायला हवा, तर तो दोन पानं आधी सहज बोलण्यात सांगून टाका. ऐन प्रसंगात खुलासा घातला की पाणी थांबतं.

बोलीचा मोह आवरा. ‘आलतास व्हय?’, ‘न्हाय’, ‘कवा’ अशी तीन-चार रूपं ठरवा आणि त्या पात्राच्या तोंडी शेवटपर्यंत तीच ठेवा. एकाच माणसानं एका पानावर ‘नाही’ आणि दुसऱ्यावर ‘न्हाय’ म्हटलं की वाचकाला लेखक दिसायला लागतो. प्रत्येक शब्द मोडून लिहिला, तर वाचणारा अडखळतो आणि पात्र विनोदी वाटू लागतं. निवेदन साध्या मराठीत ठेवलेलं बरं. म्हातारी आणि तिचा कॉलेजात जाणारा नातू मात्र एकसारखं बोलता कामा नयेत.

खऱ्या माणसावरून लिहिताना नाव बदलून भागत नाही. गावात दोन दिवसांत ओळख पटते. गाव, धंदा, वय, मुलांची संख्या यांतल्या किमान तीन गोष्टी बदला, जमल्यास दोन माणसांचं एक करा. पेच तेवढा तसाच राहू द्या. धंदा बदलला की तपशील मात्र पुन्हा मुळापासून गोळा करावे लागतात. हळदीच्या व्यापाऱ्याला ऊसतोडीच्या मुकादमाची काळजी चिकटवता येत नाही: एकाला पडत्या दराची धास्ती, दुसऱ्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन पळालेल्या तोडणी मजुरांच्या नवरा-बायको जोडीची.

पहिला खर्डा दोन-अडीच हजार शब्दांचा असू द्या आणि तो शक्यतो दोन बैठकींत संपवा. मग पंधरा दिवस त्याच्याकडं बघू नका. नंतर मोठ्यानं वाचा. जीभ अडते तिथं वाक्य लांबलेलं असतं. बहुतेक वेळा पहिले दोन परिच्छेद सरळ उडवता येतात, कथा खरी तिसऱ्यात सुरू होते. शेवटी कुणाला मारायची इच्छा झाली, विशेषतः फास किंवा विहीर आठवली, तर तो पेच सोडवायचा कंटाळा आहे का, हे आधी तपासा. बागायतदारानं निर्णय घेतला, भावाला फोन लावला, की थांबा. भाऊ काय म्हणाला ते लिहूच नका.

दिवाळी अंकासाठी पाठवायची असेल तर जून-जुलैपर्यंत कथा हातावेगळी करा. अंकाची शब्दमर्यादा आधी विचारून घ्या आणि पाठवलेल्या प्रतीची एक नक्कल स्वतःजवळ ठेवा.