जुन्या सेबरचा गंज काढताना कारखान्याचा ठसा कसा वाचवावा

अमेरिकन यादवी युद्धातली (१८६१–६५) घोडदळाची सेबर (वाकड्या पात्याची तलवार) किती मोलाची, हे पात्याच्या चकाकीवरून ठरत नाही. परजेलगत (परज म्हणजे हाताचं रक्षण करणारा मुठीचा भाग) पात्याचा जो बोटभर भाग बिनधारेचा असतो, तिथल्या ठशावर बरंच ठरतं. एका बाजूला कारखान्याचं नाव, दुसऱ्या बाजूला बहुधा ‘यू.एस.’, साल आणि तपासनिसाची आद्याक्षरं. तेव्हा सफाई ठशाच्या कलाने करायची, आरशासारखं पातं हवं म्हणून नाही.

आधी ठसा वाचा. टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाका आणि चारही दिशांनी फोटो काढा. नावाची ओळ गेली असली तरी गावाची ओळ पुरते. युद्धाच्या गर्दीत सेबरची कंत्राटं अवजारवाल्यांकडेही गेली होती. ऱ्होड आयलंडमधल्या फॉरेस्टडेलचे मॅन्सफील्ड अँड लॅम्ब आणि मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट चेल्म्सफर्डचे सी. रोबी हे मुळात गवतकापणीचे लांब विळे करणारे. लांब, पातळ, वाकडं पातं ठोकणं, त्याला पाणी देणं, सहाणेवर घासणं हे त्यांचं रोजचंच काम. ‘फॉरेस्टडेल’ एवढं दिसलं तरी कारखाना कळतो. कुऱ्हाडी करणाऱ्या कॉलिन्सच्या ठशात गाव हार्टफर्ड असतं, कारखाना मात्र कॉलिन्सव्हिलला होता. एम्स या तलवारी करणाऱ्या कारखान्याच्या ठशात चिकोपी असेल तर पातं १८४८ किंवा त्यानंतरचं, कारण चिकोपी हे स्वतंत्र गाव त्याच वर्षी झालं.

पात्याचा बाकीचा भाग सोपा आहे. मुठीच्या कातड्याला प्लास्टिक गुंडाळा, पातं टोकाकडे किंचित उतरतं ठेवा, मशीनचं पातळ तेल लावून एक दिवस थांबा आणि ०००० दर्जाच्या (सगळ्यात बारीक) स्टील वूलने लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासा. गोल गोल घासू नका. लाल, भुकटी सुटणारा गंज काढायचा. घट्ट बसलेला काळा-तपकिरी थर तसाच ठेवायचा.

आता ठसा. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि तेही ‘नीट दिसावं’ या हौसेपायी. ठशाची खोली मिलिमीटरचा अंश असते. ठोकताना अक्षरांच्या कडेला धातू किंचित वर येतो आणि घासलं की आधी तीच कड गोल होते. म्हणून ठशावर स्टील वूल अजिबात नको, ०००० सुद्धा नको. सँडपेपर आणि बफिंगचं चाक तर तलवारीच्या खोलीतही आणू नका.

व्हिनेगर, फॉस्फोरिक ॲसिड, गंज काढायच्या बाजारू जेल्या हे सगळे सल्ले कानाआड करा. आम्लाला गंज आणि पोलाद यांतला फरक पुरेसा कळत नाही. ते अक्षरांच्या कडा खातं, रेघा पसरट करतं आणि पातं मेल्यासारखं राखाडी दिसू लागतं. आम्लाने नेलेली कड परत आणता येत नाही.

करायचं ते एवढंच: ठशावर तेलाचा एक थेंब, एक दिवस थांबणं, मग बांबूच्या टोकदार काडीने अक्षरांभोवतीचा सपाट भाग खरवडणं. काडी बोथट झाली की पुन्हा तासा. फारच घट्ट कवच असेल तर पितळेची मऊ सळई जवळजवळ आडवी धरून चालवा. पोलादी सुई किंवा ब्लेड नको. पुसा, तिरप्या प्रकाशात पाहा, पुन्हा तेल. एका बैठकीत संपवायचा आग्रह धरू नका. अक्षरांच्या आतला काळा थर उकरू नका, त्याच्यामुळेच अक्षर उठून दिसतं. फोटोत न दिसणारं अक्षर काडीने ‘शोधायला’ गेलात तर नवीन ओरखडा कोराल आणि तोच खोटा ठसा वाटेल. नाव वाचता आलं की हात थांबवा.

पूर्ण ठसा गेलाच असेल तरी नमुना ओळखता येतो: १८४० च्या नमुन्याच्या जड सेबरचं पातं साधारण सव्वा इंच रुंद, १८६० च्या नमुन्याच्या हलक्या सेबरचं इंचभर. अधिकाऱ्यांच्या पात्यावरची कोरीव नक्षी ठशाहून उथळ असते. तिथे फक्त तेल आणि मऊ कापड.

पितळी परज घासून पिवळीधमक करू नका. अमोनिया असलेलं पॉलिश तर मुळीच नको, त्याने ताणाखालच्या पितळेला तडे जाऊ शकतात. कातड्याला तेल पाजू नका. मूठ उघडायची नाही. पात्याचं शेपूट (मुठीतून जाणारा अरुंद भाग) मुठीच्या टोपीवर ठोकून पक्कं केलेलं असतं.

शेवटी सगळं तेल पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (पेट्रोलियमपासूनचं बारीक कणांचं मेण) पातळ हात द्या. यापुढे हातमोज्यांशिवाय पात्याला बोट लावू नका, घामातलं मीठ मेणाखालीही गंज धरवतं. पातं म्यानाबाहेर ठेवा: लोखंडी म्यानात ओल कोंडते आणि तोंडाशी असलेल्या पट्ट्या ठशालगतच घासतात.